रिकाम्या तारेचं वजन

सूर्य मावळला की आमच्या घरातली भांडी गप्प व्हायची. दिवस असेतो जेवायचं हा आमच्या जैनांच्या घरातला नेम, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो कधी मोडला नाही. त्यांचा आणखी एक स्वतःचा नेम होता. घरातलं एक जरी माणूस कामात अडकलेलं असलं तर ते घास घ्यायचे नाहीत. त्यामुळं कुणाला उशीर झाला आणि तेवढ्यात दिवस बुडला, तर अण्णा सकाळपर्यंत उपाशी. बोलायचे काही नाहीत, तांब्याभर पाणीही घ्यायचे नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहायचे. आई सीमेपलीकडच्या कानडी मुलखातली, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. उन्हं कलली की तिची नजर आभाळाकडे लागायची, आणि जोंधळ्याची शेवटची भाकरी तव्यावर असतानाच ती मागच्या दारातून हाक द्यायची, "पद्मे, ऊन उतरलं गं!" मुगाचं वरण, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, कधी दोडक्याच्या शिरांचा खमंग चुरा. कांदा-लसूण आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. जेवणं झाली, ताटं विसळली, की अव्वा माळ घेऊन बसायची आणि घर असं काही शांत व्हायचं की मागच्या कारखान्यातला पत्रा निवताना टकटक करायचा तोही मोजता यायचा.

सांगलीत मिरज रस्त्याला आमचं घर होतं आणि मागच्या दाराला लागून तो कारखाना: दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा संच, आणि पलीकडं बाभळीपर्यंत पसरलेलं भंगार. अण्णा याऱ्या बनवायचे. विहीर खोदताना खालचा मुरूम आणि दगड डब्यात भरून तारेनं वर ओढणारं यंत्र म्हणजे यारी. शंभर फुटांवरून येणारं वजन तारेच्या आवाजावरून ओळखायला मी लहानपणीच शिकले होते. भरलेल्या डब्याची तार जाड घोगरं बोलते, रिकाम्याची नुसती कुजबुजते. डिप्लोमाला मेकॅनिकल घेतलं तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते, पण वजन आणि तार यांचं नातं मला मास्तरांच्या आधी अण्णांनी शिकवलं होतं. आज गुडघे धरलेत, डोळ्यांत भिंग बसवलंय, तरी बांधकामावर यारी चालू असली तर मी रस्त्यात उभी राहून ऐकते. सून म्हणते, आई, लोक बघतायत. बघू देत.

डिप्लोमाचा निकाल लागल्यावरचे ते दिवस. एका दुपारी दारात जीप उभी राहिली. उतरले ते इनामदार सर, हवाई दलातून निवृत्त झालेले, काठीसारखे सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे. साताऱ्याकडं, रहिमतपूरच्या पलीकडच्या एका पठारावरचा फ्लाइंग क्लब नुकताच त्यांच्याकडं आला होता. सोबत क्लबच्या मैदानाची व्यवस्था बघणारे सुभेदार होते, पाटणकडचे, पायदळात आयुष्य काढलेले, मिशा अजून फौजेतल्याच.

"आम्हाला ग्लायडर उडवायची विंच हवी आहे," सर म्हणाले. "ग्लायडरला इंजिन नसतं. धावपट्टीच्या एका टोकाला ते उभं करायचं, दुसऱ्या टोकाला विंच. विंच तार गुंडाळते, ग्लायडर पळतं, आणि पतंगासारखं वर चढतं. पुरेसं वर गेलं की वैमानिक तार सोडून देतो."

अण्णा हात पुसत म्हणाले, "आमची यारी खालचं वर आनती, सायब. सावकाश. तुमचं तर मानूस हाय तारेच्या टोकाला."

"माणूस आहे म्हणूनच तुमच्याकडे आलो, पाटील. तुमच्या यारीची तार आजवर तुटली नाही असं ऐकलं."

"तुटली न्हाई," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. "पोरगी चित्र काढंल. मी लोखंड बगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पठारावर गेलो. पठार म्हणजे सपाट माळ, चारी बाजूंनी आभाळ, कडेला एक तळं. शेडमध्ये ग्लायडर होतं, दोन माणसांचं, पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं. कापडाच्या आत काहीतरी मोठं, लांब पंखांचं झोपलंय असं वाटत होतं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जुनी विंच ताडपत्रीखाली होती. मला वाटलं होतं, गंजून गेलेली असेल. ताडपत्री काढली आणि अण्णांच्या तोंडून "अरेच्या!" निघालं. इंजिनाला हँडल मारलं तसं ते धडधडू लागलं. क्लच धड, ब्रेक धड. तार गुंडाळायचा ओतीव लोखंडाचा ड्रम तर इतका तोलदार की बोटानं ढकलला तरी बराच वेळ आवाज न करता फिरत राहायचा. दिवसभर आम्ही ती विंच उघडत होतो आणि कुठं खोट सापडते का बघत होतो. खोट नव्हती.

"ही का सोडली मग?" मी सुभेदारांना विचारलं.

ते लांब, तळ्याकडं बघत उभे होते. "जुनी झाली," म्हणाले.

"जुनी आहे, पण बिघडलेली नाही."

"कोन बसत न्हाई तिच्यावर," एवढंच म्हणून ते जीपकडं निघून गेले.

गवतात जुन्या तारेचा एक लांब तुकडा पडला होता. किती झिजलाय बघावं म्हणून मी तो उचलला. तो हातात थरथरत होता. अगदी बारीक, मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तशी थरथर. दुसरं टोक कशाला बांधलंय का बघायला मी तार धरून चालत गेले. टोक मोकळं होतं, गवतात पडलेलं. वारा असेल, असं मी मनाशी म्हटलं. गवताचं पातं हलत नव्हतं.

अण्णांनी जुना ड्रम नव्या विंचसाठी घ्यायचं ठरवलं. असा ओतीव ड्रम आता कोण करून देणार? बाकी सगळं नवं. माझं चित्र स्वयंपाकघरातल्या फरशीवर झालं, कारण एवढा मोठा कागद पसरायला दुसरी जागा नव्हती. अव्वा कागदाच्या कडेकडेनं पाय टाकत चुलीशी जायची. मी हिशेब मांडत होते: ग्लायडरला किती वेग लागतो, त्यासाठी ड्रम मिनिटाला किती फिरायला हवा, विंचवर बसवायच्या ट्रकच्या इंजिनाला कोणता गिअर कायमचा लावून ठेवायचा. मला सगळ्यात जास्त भीती एका गोष्टीची होती. वरच्या माणसाला तार सोडता आली नाही तर? विंच त्याला ओढून जमिनीवर आपटेल. म्हणून विंचच्या तोंडाशी मी एक सुरा बसवला. ट्रकच्या पाट्याच्या पोलादाचा, जाड स्प्रिंगवर ताणून ठेवलेला. चालकानं दांडा ओढला की तो खाली येऊन तार कापणार. पहिल्यांदा तो चालवून पाहिला तेव्हा खट् असा एकच आवाज झाला आणि बोटभर दूर दोन टोकं एकमेकांकडं बघत राहिली. आत माळ जपणाऱ्या अव्वानं विचारलं, "काय मेलं गं?"

तार मात्र एकसंध मिळाली नाही. सात जोड द्यावे लागले. जोड म्हणजे दोन टोकं तांब्याच्या जाड नळीत घालून ती नळी दाबायची. अण्णांचा दंडक होता की प्रत्येक जोड काटा लावलेल्या प्रेसवर ताणून बघायचा, टिकला तर नळीवर छिन्नीनं एक खूण ठोकायची. खूण असली की अण्णा पुन्हा बघायचे नाहीत. खूण म्हणजे शब्द. जोडांचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं.

आदल्या दिवशी माझ्यामुळं उशीर झाला होता आणि अण्णा उपाशी झोपले होते. दुसऱ्या संध्याकाळी सहा जोड ताणून झाले, सातवा दाबून झाला, आणि बाहेरून हाक आली, "पद्मे, ऊन उतरलं गं!" दारातून बघितलं तर अण्णा ओट्यावर बसलेले, हात धुतलेले, ताटाकडं पाठ. बाभळीच्या शेंड्याला तेवढं ऊन राहिलं होतं. जोड प्रेसवर चढवायचा, ताणायचा, उतरवायचा, तेवढ्यात दिवस बुडाला असता. मी छिन्नी घेतली, सातव्या नळीवर खूण ठोकली आणि जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघू, असं ठरवून गेले. सकाळी ट्रक आला, विंच चढवली, तार गुंडाळली, आणि तो जोड ड्रमच्या वेढ्यांत कुठंतरी आत गेला. अण्णांना सांगायला तोंड उघडलं होतं. ते ट्रकवाल्याला दोरखंड कसा बांधायचा ते दाखवत होते. मी तोंड मिटलं.

पठारावर पहिल्या दिवशी आम्ही नुसतीच तार ओढून बघितली. दोन वेळा. टोकाला आकडा आणि एक छोटी छत्री असते. तार सुटून खाली पडताना ती फुगावी, तार सावकाश उतरावी म्हणून. विंच लोण्यासारखी चालली. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हसले, पण मनात सातवा जोड होता. दोनदा टिकला, म्हणजे चांगलाच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर उडणार होते. माळावर धुकं होतं. आठच्या सुमाराला विंचच्या बाजूला ऊन पडलं, पलीकडच्या टोकाला तळ्यावरचं धुकं हळूहळू विरत होतं. सुभेदारांनी जीपनं तार तिकडं ओढून नेली होती. दोन टोकांमध्ये फौजी टेलिफोन होता, हातानं फिरकी मारायचा. शब्द तीनच ठरले होते: ताण, ओढ, थांब. मी विंचच्या जाळीच्या केबिनमध्ये बसले, अण्णा बाहेर, एका बाजूला. लांबवर ग्लायडरचा पंख पांढरा दिसत होता. मग धुक्याचा एक पट्टा सरकत आला आणि पंख पुसून गेला. मी थांबले. दिसत नसेल तर ओढायचं नाही, हे सरांनी दहादा बजावलं होतं.

फोन वाजला. मी उचलला.

"ताण," पलीकडून आवाज आला.

मी क्लच सोडला. गवतातली तार सरळ झाली. धुकं तसंच होतं. मी फोनमध्ये म्हटलं, "सुभेदारकाका, मला दिसत नाही."

"ओढ."

मी ओढलं. का ओढलं ते मला आज इतक्या वर्षांनीही नीट सांगता येत नाही. आवाजात हुकूम नव्हता, घाई नव्हती. पाणी मागितल्यासारखा तो शब्द आला होता. इंजिनानं सूर धरला आणि लगेच तो सूर खाली बसला, घोगरा झाला. तारेच्या टोकाला वजन आलं होतं. लहानपणापासून तो आवाज माझ्या ओळखीचा. तार जमिनीपासून उचलली, धुक्यात तिरकी शिरली, आणि तिचा चढ वाढत गेला, अगदी मी कागदावर काढला होता तसा. अण्णा बाहेरून ओरडले, "बराबर! बराबर!" मी थ्रॉटल सांभाळत होते. वजन जास्त वाटत होतं. माझ्या हिशेबापेक्षा जास्त. इंजिन कण्हायला लागलं.

मग ताडकन आवाज झाला. तुटलेली तार फटके मारत आली आणि केबिनच्या जाळीवर इतक्या जोरात आपटली की जाळीला खोक पडली. मी ब्रेक दाबला. ड्रम थांबला. सगळीकडं एकदम शांत झालं.

वर, धुक्यात, अर्ध्या चढावर ग्लायडर होतं आणि त्याची तार तुटली होती. नाक आभाळाकडं असताना तार तुटली तर वेग मरतो आणि ते दगडासारखं खाली येतं, हे सरांनीच मला सांगितलं होतं. मी वर बघत होते. काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. ग्लायडर पडतानाही आवाज करत नसेल का, असा विचार आला. अण्णा पळायला लागले. मी त्यांच्या मागं. साठीच्या माणसाला असं पळताना मी पहिल्यांदा बघितलं. ओल्या गवतातून, धुक्यात, कुठल्याही क्षणी पुढ्यात मोडलेला पंख येईल या भीतीनं आम्ही पळत होतो आणि माझ्या तोंडून णमोकार मंत्र चालला होता.

धुक्यातून आधी सुभेदार दिसले. उभे. त्यांच्या मागं ग्लायडर, जागच्या जागी. त्याच्या नाकावरचं ओलं कापडसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सर जीपच्या टपावर ठेवलेल्या कपातून चहा पीत होते.

"पोरी, तार कुठं गेली?" सुभेदार म्हणाले. "आकडा हितं ठिवला हुता, दहा पावलं म्होरं. धुकं जाईना म्हनून सरांस्नी चा द्याया गेलो. मागं बगतो तर तार न्हाई."

"तुम्हीच ओढ म्हणालात ना फोनवर?"

त्यांनी जीपकडं बोट केलं. फोन जीपच्या मागच्या सीटवर होता, चामड्याच्या पिशवीत, पट्टा लावलेला.

अण्णा खाली बसले, गवतातच. सरांनी कप ठेवला आणि चालायला लागले. गवतावर दंव होतं, त्यामुळं तार जिथून ओढली गेली तिथं काळसर रेघ उमटली होती. अण्णाही उठून आले, आणि ती रेघ आम्ही धरली. वीस पावलं रेघ होती. मग नव्हती. पुढं दंव तसंच, मोत्यासारखं, अखंड. धावपट्टीच्या मध्याच्याही पुढं गेल्यावर आकडा आणि छत्री सापडली, वरून पडल्यासारखी, आकडा मातीत रुतलेला.

"छत्री फुगली असेल," सर म्हणाले. "कधीकधी छत्रीच तार उचलते."

सुभेदारांनी वाकून छत्री उचलली आणि सरांपुढं धरली. दंवानं भिजू नये म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी ती सुतळीनं गुंडाळून बांधली होती. सुतळीची गाठ तशीच होती.

मी मात्र तारेच्या टोकाकडं बघत होते. आकड्यामागं लांबवर तार पडली होती आणि तिच्या टोकाला तांब्याची नळी. नळीतून दुसरं टोक निसटलं होतं. नळीवर माझी खूण होती, त्या संध्याकाळी घाईत तिरकी ठोकलेली.

कुणी मला विचारलं नव्हतं. जोड सुटतात. धुक्यात जे घडलं त्यापुढं त्या नळीकडं कुणी बघितलंही नसतं. पण अण्णांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं खूण चाचपली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल शंका आली नाही. त्यांना शंका आली ती स्वतःच्या प्रेसची. "प्रेसचा काटा खोटा दावतोय का काय," ते पुटपुटले. ते मला सोसवलं नाही.

"अण्णा, हा मी ताणलाच नव्हता," मी म्हणाले. "दिवस बुडत होता. तुम्ही उपाशी राहिला असता. मी नुसती खूण ठोकली."

अण्णांनी खुणेवरचा अंगठा काढला. मग नळी सरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सायब, आज तुमी वर असता तर?"

सरांनी ती नळी उलटसुलट करून बघितली.

तेव्हा सुभेदार बोलले. जुन्या विंचवर असं दोनदा झालं होतं. तार मोकळी असताना चालकाला फोनवर शब्द आला, त्यानं ओढलं, आणि तार जड लागली. दोघंही चालक निघून गेले. नंतर कुणी तिच्यावर बसेना.

"तेव्हा पण जोड सुटला होता?" सरांनी विचारलं. त्यांना हे नवीन होतं. ते क्लबमध्ये नंतर आलेले.

"न्हाई. दोनी वेळंला तार धड हुती. कायबी सापडलं न्हाई."

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" मी म्हणाले.

"काय सांगू, पोरी? यंत्रात खोट असती तर दावली असती."

मी अण्णांना म्हटलं, ड्रम काढून टाकू. तो जुन्या विंचचा आहे. अण्णांनी धोतराला लागलेलं गवत झटकलं. "ड्रमचं मला कळत न्हाई," ते म्हणाले. "जोडाचं कळतं. जे कळतं ते आदी नीट करू."

आम्ही सांगलीला परतलो, तार घेऊन. सातही जोड अण्णांनी कापून टाकले, चांगले होते तेसुद्धा. मला एकदाही रागावले नाहीत, आणि तेच अवघड होतं. सात नव्या नळ्या मी दाबल्या, एकेक जोड प्रेसवर चढवला, आणि प्रत्येक ताणताना ते शेजारी उभे राहून काटा बघत होते. खूण ठोकायची वेळ आली की छिन्नी माझ्याच हातात देत होते. दोन दिवस लागले. दोन्ही दिवस दिवस बुडायच्या आत काम संपलं नाही, आणि दोन्ही रात्री अव्वानं ताटं तशीच झाकून ठेवली. मीही जेवले नाही. अव्वानं विचारलं नाही. तिला कळलं होतं.

लोक विचारतात, तू शब्दाची एवढी कडक कशी. नोकरीत माझ्या हाताखालचे मला घाबरायचे. मी ताणून न बघितलेल्या कशावरही सही केली नाही, आणि त्यापायी दोन बढत्या गेल्या. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नाही. नातू मोबाइलवर परदेशातल्या विंच दाखवतो. आता त्या विजेवर चालतात, ताण पडद्यावर आकड्यांत दिसतो. मी विचारते, तार रिकामी असताना आकडा किती दाखवतो रे? तो म्हणतो, आजी, शून्यच की.

पुन्हा पठारावर गेलो तेव्हा आभाळ निरभ्र होतं, पार यवतेश्वरच्या बाजूच्या डोंगरांच्या रेघा दिसत होत्या. सरांनी तार हातानं धरून टोकापासून टोकापर्यंत तपासली. मग विचारलं, "विंचवर कोण बसणार?" मला वाटलं अण्णा म्हणतील, मी बसतो.

अण्णा म्हणाले, "पोरगी बसंल. आनि तुमच्या त्या इमानात दुसरी जागा हाय न्हवं? तितं मी बसतो."

सर हसले नाहीत. "पाटील, तुम्ही कधी उडाला नाहीत."

"जोड आमच्या घरचा हाय," अण्णा म्हणाले. "टोकाला घरचंच मानूस असू द्या."

मी धरलं त्यांना. "अण्णा, नका." त्यांनी माझा हात सोडवला, टोपी काढून माझ्याकडं दिली, कारण आत टोपी उडेल असं सुभेदारांनी सांगितलं होतं. उघड्या डोक्याचे अण्णा मला एकदम लहान दिसले. पट्टे बांधताना त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी केबिनमध्ये बसले. सुऱ्याचा दांडा उजव्या हाताशी, थ्रॉटल डाव्या. जाळीची खोक अण्णांनी नव्या तारेनं शिवली होती. पांढरा पंख स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्या शेजारी सुभेदार, हात वर केलेला. फोन वाजला.

"ताण घे गं पोरी." हा आवाज त्यांचाच होता. ते नेहमी असंच बोलायचे, पोरी म्हणून. त्या सकाळच्या आवाजानं मला पोरी म्हटलं नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"ओढ गं पोरी."

मी ओढलं. पांढरा ठिपका सरकला, पळाला, जमीन सोडली, नाक वर केलं. इंजिनाचा सूर बसला. तार चढत गेली, चढत गेली, आणि ज्या क्षणी मागच्या वेळी ताडकन आवाज झाला होता तो क्षण येऊन गेला. मग तार एकदम हलकी झाली, वर छत्री उमलली, आणि ग्लायडर सुटून मोकळं झालं. एक वळण घेऊन ते माझ्या डोक्यावरून गेलं. फक्त वाऱ्याची एक लांब फुंकर, आणि माळावरून सरकत गेलेली सावली.

ते पलीकडच्या टोकाला उतरलं तिथं मी पळत गेले तेव्हा अण्णा पंखाला धरून उभे होते. मग मला म्हणाले, "खाली समदं सपाट दिसतंय. आपन किती खालीवर करतो."

सर वही घेऊन आले. प्रत्येक उड्डाणानंतर विंचचालकाचं म्हणणं लिहायची पद्धत होती. "कशी लागली ओढ?"

बरोबर, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. सगळे हसत होते, सुभेदार पेढे काढत होते. पण मी एकदा खोटी खूण ठोकून बसले होते.

"हलकी लागली, सर," मी म्हणाले. "दोन माणसं होती, ग्लायडर होतं. तरी त्या दिवशीपेक्षा हलकी लागली. त्या दिवशी टोकाला जे होतं ते याहून जड होतं."

हसणं थांबलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि मग मी म्हणाले ते शब्दाला शब्द वहीत लिहून खाली माझी सही घेतली. सुभेदारांनी पेढ्यांची पुडी सरांच्या हातात ठेवली. पुढची ओढ नुसत्या तारेची घ्यायची होती. फोन त्यांनी सरांना सांभाळायला दिला आणि धावपट्टीवरून, न थांबता, पार पलीकडच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. इतक्या वर्षांत ते त्या ड्रमजवळ कधी बसले नव्हते. केबिनचं दार उघडून आधी मला आत जाऊ दिलं. मग स्वतः अंग चोरून शेजारी बसले, मांडीवर हात ठेवून, समोर बघत.

"आता हितं एकटीनं बसायचं न्हाई," ते म्हणाले.

फोन वाजला. या वेळी आम्ही दोघांनी ऐकला.